हरवलेल्या स्वेटरचा जाब कोणाला विचारायचा?

पत्र :

माझी मुलगी पहिलीत आहे, सहा वर्षांची. शाळा सुरू झाल्यापासून तिच्या दोन पाण्याच्या बाटल्या, एक स्वेटर आणि कंपासपेटी गेली. खोडरबर आणि पेन्सिलींचा तर हिशेबच नाही. बाईंना विचारलं तर म्हणाल्या, "वर्गात इतकी मुलं, मी कोणाकोणाच्या वस्तूंवर लक्ष ठेवू? वस्तू सांभाळायला घरी शिकवा." शाळेच्या डायरीत छापलेलंच आहे की हरवलेल्या वस्तूंना शाळा जबाबदार नाही. माझे मिस्टर म्हणतात, आता तिला नवीन काही आणायचं नाही, त्याशिवाय किंमत कळणार नाही. गेल्या आठवड्यात मुलगी म्हणाली की कंपासपेटी शेजारच्या बाकावरच्या मुलाने घेतली. मी पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्याचं नाव घालून तसं लिहिलं. त्याच्या आईने फोन करून खूप सुनावलं आणि आता आमचं बोलणं बंद आहे. मुलगीही हल्ली शाळेतलं काही सांगेनाशी झाली आहे. मला कोणाशी भांडायचं नाही. एवढंच सांगा, यात जबाबदारी नक्की कोणाची?
– त्रासलेली आई

उत्तर :

ताई, जबाबदारीचं उत्तर देणारच आहे, पण तुमच्या पत्रातली एक गोष्ट त्याहून तातडीची आहे, म्हणून ती आधी. ग्रुपवर तुम्ही एका सहा वर्षांच्या मुलाचं नाव लिहिलंत. स्वेटर, बाटल्या, कंपासपेटी हे सगळं मिळून जेवढं नुकसान झालं असेल त्यापेक्षा हे नुकसान मोठं आहे, आणि ते आज भरून काढता येण्यासारखं आहे. महिन्याभराने ते तितकं सोपं राहणार नाही.

आजच त्या आईला फोन करा. मेसेज नको, फोनच. "माझ्या मुलीने सांगितलं ते मी खातरजमा न करता सगळ्यांसमोर लिहिलं, तुमच्या मुलाचं नाव घ्यायला नको होतं" एवढं पुरेसं आहे. त्यात "पण" आणू नका. "पण तुम्हीही जरा विचारून बघा" हे शब्द आले की माफीचं आरोपात रूपांतर होतं. मग ग्रुपवर दोन ओळी लिहा : कंपासपेटीबद्दल मी जे लिहिलं त्याला काही आधार नव्हता, मी ते मागे घेते, कृपया मुलांसमोर याची चर्चा करू नका. जुना मेसेज काढून टाका, पण नुसता काढून गप्प बसू नका. ज्यांनी तो वाचला आहे त्यांच्या डोक्यातून तो जात नाही, आणि त्यांच्या घरी जेवताना ते नाव निघालं की दुसऱ्या दिवशी वर्गातली मुलं त्याच्याशेजारी बसायला नको म्हणतात.

मुलगी खोटं बोलली असं मी म्हणत नाही, आणि तुम्हीही तिला तसं म्हणू नका. ती काय म्हणाली यापेक्षा तिला काय विचारलं गेलं ते आठवून बघा. बहुतेक घरांत हे संभाषण असं होतं : "कंपासपेटी कुठंय?" "माहीत नाही." "माहीत नाही म्हणजे? कोणी घेतली का?" "…" "तुझ्या शेजारी कोण बसतं? त्याने घेतली का?" "हो." या "हो"मध्ये आठवण किती आणि आईच्या चढलेल्या आवाजातून सुटका करून घेण्याची धडपड किती, ते त्या लेकरालाही सांगता येणार नाही. लहान मुलांची साक्ष सूचक प्रश्नांनी किती बदलते यावर स्टीफन सेसी आणि मॅगी ब्रक या मानसशास्त्रज्ञांनी तोवर झालेल्या संशोधनाचा मोठा आढावा 1993मध्ये घेतला. मोठ्या माणसाने एकच प्रश्न फिरून फिरून विचारला, किंवा उत्तर प्रश्नातच घालून दिलं, तर शाळेत जाण्याच्या वयाआधीची छोटी मुलं सगळ्यात जास्त वाहवत जातात, हे त्यातून समोर आलं. मोठी मुलंही यातून सुटत नाहीत आणि मोठी माणसंही नाहीत, पण जितकं वय लहान तितका धोका जास्त. आणि एकदा सांगितलेली गोष्ट दोनतीनदा सांगून झाली की मुलाला ती खरीच घडल्यासारखी वाटू लागते.

म्हणून यापुढे काही हरवलं तर ज्यांत उत्तर आधीच घातलेलं नाही असे प्रश्न विचारा. "शेवटची कुठे पाहिलीस? तेव्हा तू काय करत होतीस? मग काय झालं?" आणि थांबा. ती "माहीत नाही" म्हणाली तर तेच तिचं उत्तर आहे.

आता समजा, त्या मुलाने पेटी खरंच उचलली. तरीही सहा वर्षांच्या मुलाच्या उचलण्याला मी चोरी म्हणणार नाही. "हे माझं" हे मुलांना दोनतीन वर्षांपासून कळतं. दुसऱ्याचं जमिनीवर पडलेलं असलं, आपल्याला फार आवडलेलं असलं, तरी ते दुसऱ्याचंच राहतं, हे रोजच्या वागण्यात मुरायला पुढची काही वर्षं जातात. या वयात अदलाबदल चालते, "तू मला दे, मी तुला देतो" चालतं, आणि दिलेलं परत मागणंही चालतं. एखाद्या मुलाच्या दप्तरात दुसऱ्याची वस्तू निघालीच, तर मोठ्यांनी करायचं काम साधं आहे : "ही तिची आहे, चल, परत देऊ." हळू आवाजात, वर्गासमोर नाही. हे वारंवार होऊ लागलं तर बाईंनी त्याच्या पालकांना एकट्याने बोलावून बोलावं, कारण अशा वेळी बऱ्याचदा त्या मुलाच्या घरी किंवा मनात काहीतरी चालू असतं. त्यात इतर पालकांचं काही काम नाही. काही शाळांत सगळ्या वर्गाची दप्तरं उलटी करून झडती घेतात, तेही मला मान्य नाही. संयुक्त राष्ट्रांच्या 1989च्या बालहक्क संहितेने मुलांच्या खासगीपणात मनमानी ढवळाढवळ करू नये असं 16व्या कलमात म्हटलं आहे, आणि 28व्या कलमात शाळेची शिस्त मुलाच्या प्रतिष्ठेला धरून असावी असं. खोडरबर शोधायला ती प्रतिष्ठा पणाला लावू नये.

आता जबाबदारी. माझी कसोटी एकच आहे : ज्याच्या हातात जे बदलणं आहे, त्याची ती जबाबदारी. या कसोटीने पाहिलं तर सगळ्यात लहान वाटा तुमच्या मुलीचा येतो, आणि सध्या सगळी बोलणी मात्र तिलाच बसतात.

शाळा सुटायच्या आधीची दहा मिनिटं डोळ्यांसमोर आणा. फळ्यावरचं उतरवून घ्यायचं राहिलंय. बाई म्हणतात, आवरा. वही दप्तरात जात नाही कारण डबा आडवा पडलाय. स्वेटर दुपारी उकडायला लागलं तेव्हा काढून बाकाच्या पाठीवर टाकला होता, तो मागच्या मुलाचा पाय लागून खाली गेला. बाटली बाकाखाली घरंगळली. घंटा झाली, रांग लागली, बुटाची नाडी सुटलेली, मैत्रीण हाक मारते आहे. या सगळ्यात एका चिमुरडीने मनात ठेवायचं की आपण सकाळी स्वेटर घालून आलो होतो, आता तो अंगावर नाही, म्हणजे तो कुठेतरी असणार. पुढे करायची गोष्ट ऐन वेळी आपली आपण आठवणं हे स्मरणाच्या अवघड कामांपैकी एक आहे. मेंदूचा जो पुढचा भाग ते सांभाळतो, त्याची वाढ विशी ओलांडल्यावरही चालू असते. सहाव्या वर्षी ती फार तर सुरुवातीला असते. मूल बेफिकीर आहे म्हणून विसरतं, असं समजू नका.

याचा अर्थ तिला काहीच शिकवायचं नाही असा नव्हे. शिकवायचं, पण तिला झेपेल अशा रीतीने. आइन्स्टाइन (गिल्स आइन्स्टाइन, भौतिकशास्त्रातले नव्हेत) आणि मॅकडॅनियल या दोन संशोधकांनी 1990मध्ये या स्मरणाचे दोन प्रकार वेगळे करून दाखवले : घड्याळाच्या वेळेवर आठवायची गोष्ट आणि एखादी घटना घडली की आठवायची गोष्ट. घटनेला बांधलेली गोष्ट साधारणपणे सोपी जाते, कारण घटनाच आठवण करून देते. म्हणून "सुटताना सगळं नीट आठवून घे" या सूचनेचा उपयोग होत नाही. "दप्तराची चेन लावण्याआधी बाकाखाली वाकून बघायचं" याचा होतो. "स्वेटर काढला की लगेच दप्तरात" याचा होतो, "सांभाळून ठेव" याचा नाही. एका वेळी एकच नियम द्या. घरी दोनचार दिवस खोटी खोटी शाळा सुटू द्या आणि चेनच्या आधी वाकून बघायचा खेळ खेळा. तो अंगवळणी पडला की दुसरा नियम. हा तिचा वाटा, आणि या वर्षापुरता एवढाच.

शाळेचा वाटा तिच्यापेक्षा पुष्कळ मोठा आहे. बाईंचं एक म्हणणं मात्र मला पूर्ण पटतं. भरलेल्या वर्गात प्रत्येक पेन्सिलीचा माग ठेवणं कोणत्याही शिक्षिकेला शक्य नाही, आणि तशी अपेक्षा ठेवली तर शिकवायला वेळ उरणार नाही. तुम्हीही ती ठेवू नका. पण व्यवस्था लावणं शाळेच्या हातात असतं, दुसऱ्या कोणाच्याच नाही. आवरायला वेळ किती द्यायचा, स्वेटर काढल्यावर तो अडकवायला खुंटी आहे की नाही, मुलं मैदानावर किंवा दुसऱ्या खोलीत जातात तेव्हा वस्तू कुठे राहतात, संध्याकाळी झाडताना सापडलेली बाटली कुठे जाते, ही सगळी उत्तरं शाळेने ठरवायची असतात. बऱ्याच शाळांत सापडलेल्या वस्तूंचं एक खोकं असतं, कुठल्याशा कोपऱ्यात, झाकण लावलेलं. तळाच्या ओल्या कपड्यांना वास यायला लागतो आणि मुलं त्यात हात घालत नाहीत. त्याच वस्तू दोरीवर टांगून ठेवल्या, मुलांच्या नजरेच्या उंचीवर, येण्याजाण्याच्या वाटेवर, तर मुलं जाताजाता "अगं, हा तुझा ना?" म्हणून ओळखतात. याला पैसा लागत नाही.

"शाळा जबाबदार नाही" या छापील ओळीने फार दबून जाऊ नका. मुलाने स्वतःजवळ ठेवलेली शोभेची वस्तू हरवली तर ती ओळ रास्तच आहे. पण दुसऱ्याची वस्तू आपण आपल्या ताब्यात घेतली की तिची वाजवी काळजी घ्यायची, हे कायद्यातलं जुनं तत्त्व आहे. बाईंनी वर्गात खेळताना दिसलं म्हणून घड्याळ काढून घेतलं आणि ते टेबलाच्या खणातून गेलं, किंवा शाळेने सगळ्यांचे कोट एका खोलीत ठेवायला लावले आणि ती खोली उघडी राहिली, तर "आम्ही जबाबदार नाही" हे उत्तर पुरत नाही. तपशील जिथल्या तिथल्या नियमांवर ठरतात, आणि एका कंपासपेटीसाठी कोणी वकील गाठावा असं मी म्हणणार नाही. मुद्दा बोलताना लक्षात असू द्या, इतकंच.

आणि काही वस्तूंना ती ओळ लावूच नये. चष्मा, श्रवणयंत्र, दम्याचा पंप. तुमच्या मुलीकडे यातलं काही नसेल, पण हे उत्तर वाचणाऱ्यांपैकी कोणाच्या तरी मुलाकडे असेल म्हणून लिहिते. या वस्तू गेल्या तर मूल त्या दिवशी नीट पाहू, ऐकू किंवा श्वास घेऊ शकणार नाही, म्हणून त्या कुठे ठेवायच्या आणि दिसेनाशा झाल्या तर कोणी कोणाला किती लवकर कळवायचं, हे पालकांनी शाळेशी बसून वर्षाच्या सुरुवातीलाच ठरवावं, लिहून घ्यावं. पंप कुलूपबंद कपाटात आणि किल्ली रजेवर गेलेल्या माणसाकडे, असं कधीही होता कामा नये. श्रवणयंत्र हरवलं तर ते त्याच तासाला शोधायचं, कारण त्यातली गोल छोटी बॅटरी एखाद्या मुलाने गिळली तर ती जिवावर बेतू शकते.

तुमचा वाटा : काय पाठवायचं आणि त्यावर नाव घालायचं. तुमच्या पत्रात नावाचा उल्लेख नाही, म्हणून विचारते, वस्तूंवर नाव होतं का? नुसतं बाटलीच्या झाकणावर नाव असेल तर झाकणं बदलली की संपलं. झाकणावरही हवं आणि बाटलीवरही. स्वेटरवर धुण्याच्या सूचनांच्या पट्टीवर पेनाने लिहिलेलं नाव धुण्यात फिकं होत जातं. कापडी पट्टीवर लिहून ती मानेच्या आतून शिवून टाका. पेन्सिलीच्या मागच्या टोकाला थोडं तासून पांढऱ्या लाकडावर नाव लिहिता येतं, आणि पेन्सिल संपत येईपर्यंत ते टिकतं. जी मुलं अजून वाचत नाहीत त्यांच्यासाठी नावाशेजारी एक ठरलेलं चित्र, प्रत्येक वस्तूवर तेच. नाव बाहेरून ठळक दिसेल असं मात्र लिहू नका, वाटेत कोणी अनोळखी माणूस मुलीला नावाने हाक मारेल असं नको. आतून, पण बाईंना चटकन सापडेल असं. आणि जी वस्तू गेली तर तुम्हाला रडू येईल, ती पहिलीतल्या मुलाच्या दप्तरात घालू नका.

मिस्टरांचं म्हणणं. किंमत कळावी ही इच्छा चुकीची नाही, पण त्यांनी निवडलेला मार्ग चालणार नाही. पाण्याची बाटली ही काही बक्षिसाची वस्तू नव्हे. तहानलेलं मूल दुपारी वर्गात बसून वस्तूंची किंमत शिकत नाही. बाटली द्यायचीच. साधी, घरात असलेली, चालेल. चित्रांच्या कंपासपेटीच्या जागी साधी पेटी आली तर ते योग्यच आहे, आणि ते न रागावता सांगता येतं : "ती हरवली, आता ही वापरू." तेवढ्या परिणामातून मूल शिकतं. त्यावर आठवडाभर बोलणी बसली की मात्र ते वेगळंच शिकतं.

काय शिकतं, ते ज्याँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने 1932मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसतं. मुलांना त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. एका मुलाच्या हातून दार उघडताना, दारामागे काय आहे ते माहीत नसल्यामुळे, 15 कप फुटले. दुसऱ्याच्या हातून नको ते चोरून खायला जाताना 1 कप फुटला. जास्त वाईट कोण? लहान मुलांपैकी पुष्कळांचं उत्तर : पंधरा फोडणारा. या वयात चुकीचं माप बऱ्याचदा नुकसानीच्या आकाराने लावलं जातं, हेतूने नाही. मग घरात आवाज जितका चढेल, तितकं ते मूल स्वतःला वाईट समजेल, हातून झालं ते विसरणंच का असेना. आणि वाईट ठरण्यापेक्षा न सांगणं बरं, हे कोणत्याही मुलाला लवकर सुचतं.

तुमची मुलगी शाळेतलं सांगेनाशी झाली आहे, ते बहुधा यामुळेच. आणि त्यात आणखी एक ओझं आहे : तिने एक नाव सांगितलं आणि दोन आया भांडल्या. तिला हे सगळं आपल्यामुळे झालं असं वाटत असणार. मला या पत्रातली सगळ्यात जास्त काळजी याच गोष्टीची वाटली. आज बाटलीबद्दल गप्प बसणारी मुलगी उद्या कोणी त्रास दिला तरी गप्प बसेल. तिला जवळ घेऊन सांगा की ग्रुपवर लिहिणं ही आईची चूक होती, तिची नाही, आणि आईने माफी मागितली आहे. हरवलं की लगेच सांगितलंस तर आपण दोघी मिळून शोधू, रागावणार नाही, असा शब्द द्या. मिस्टरांकडूनही तो घ्या. मग तो पाळा, तिसरी बाटली गेली तरी. त्यात व्यवहारही आहे : त्याच दिवशी कळलेली वस्तू बहुतेक वर्गातच सापडते, आठवड्याने कळलेली कोणाच्या तरी घरी पोचलेली असते.

बाईंना भेटा, पण सुटायच्या गर्दीत दारात गाठू नका. वेळ मागून घ्या. तक्रार घेऊन जाऊ नका, दोन मागण्या घेऊन जा : रांग लावण्याआधी सगळ्या वर्गाने मिळून एकदा बाकाखाली बघायचं, त्याला एक मिनिट, आणि सापडलेल्या वस्तू उघड्यावर, एका ठरलेल्या जागी. "टांगायला मी मदत करते" असंही म्हणा आणि खरंच करा. बाईंना हे एकट्याने ठरवता येत नसेल तर दोनतीन पालक मिळून मुख्याध्यापकांकडे जा, बाईंना सांगून, त्यांच्या पाठीमागून नाही. त्या दुसऱ्या आई बरोबर आल्या तर फारच चांगलं, पण त्यासाठी त्यांच्यावर जोर करू नका.

आणि कंपासपेटी अजून शोधण्यासारखी आहे. वर्ग रिकामा असताना परवानगी घेऊन मुलीसोबत एकदा जा. बाकांचे खण, कपाटाच्या मागची फट, बाईंच्या टेबलाचा खालचा खण, शेजारच्या वर्गाचं खोकं, येण्याजाण्याच्या गाडीतली मागची सीट. खोली झाडणाऱ्या मावशींना विचारायला विसरू नका. शाळेत काय कुठे सापडतं, हे त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नसतं.